उदंचन म्हणजे काय, मास्तर?

दर वर्षी बकरी ईदच्या आठ-दहा दिवस आधी घाटमाथ्यावरच्या एका धनगरवाड्यातले मामा आमच्या मोहल्ल्यात बकरे घेऊन येतात. हा व्यवहार माझ्या अब्बांपासूनचा. अब्बा घासाघीस करायचे, मामांचे वडील रुसून दोरी हातात घेऊन उठायचे, मग चहा व्हायचा आणि दोघांच्याही मनात आधीपासून असलेल्या आकड्यावर सौदा तुटायचा. अब्बा गेले, मामांचे वडीलही गेले. घासाघीस आता मी करतो, अब्बांइतकी चांगली नाही.

या वेळी मामांनी बकऱ्याआधी कोपरीच्या आतल्या खिशातून घडी घातलेले कागद काढले. "मास्तर, तुमी मराठी शिकिवता न्हवं? मग ह्ये वाचून सांगा. आमच्यात कुणालाच कळंना."

त्यांच्या सड्यावर होऊ घातलेल्या जलविद्युत प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा तो मराठी सारांश होता. कोणत्या कंपनीचा, ते लिहीत नाही. अशी एकच कंपनी नाही आणि माझा मुद्दाही एका कंपनीचा नाही. पहिल्याच ओळीत मी अडलो. "प्रस्तावित उदंचन जलविद्युत प्रकल्प." वीस वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो आहे, बी.एड.लाही मराठी घेतली होती, पण 'उदंचन' कधी वाचला नव्हता. मामांना म्हणालो, थांबा जरा. संस्कृत कोश काढला. उदंचन म्हणजे विहिरीतून पाणी वर ओढणे, आणि ते ओढायचे भांडेही. म्हणजे पोहरा!

मग चहा घेता घेता समजावले. डोंगराच्या माथ्यावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा, मधे डोंगराच्या पोटातून बोगदा. दुपारी ऊन भरपूर असते तेव्हा सौर वीज गरजेपेक्षा जास्त होते. त्या विजेवर खालचे पाणी वर चढवायचे. संध्याकाळी सूर्य मावळला, घराघरांत दिवे-पंखे सुरू झाले, की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. उद्या पुन्हा वर.

मामांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी चढवायला वीज लागती आन् उतरताना वीज मिळती. चढवायला जेवढी लागली तेवढी परत येती काय?"

नाही येत. शंभर युनिट खर्चून पाणी चढवले, तर साधारण पंचाहत्तर ते ऐंशी युनिट परत मिळतात. हा प्रकल्प वीज तयार करत नाही. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत सांभाळून ठेवतो, थोडी सांडतो. पाण्याची बॅटरीच म्हणा. मामांना हे दोन मिनिटांत कळले. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही: "मग असंच लिवायला काय झालं हुतं?"

मी जलविद्युतविरोधी नाही, हे आधीच सांगतो. माझ्या घरातला दिवा कोयनेच्या विजेवर लागतो, आणि उन्हाळ्यात लोडशेडिंग झाले की सगळ्यांत आधी मीच वीज मंडळाला शिव्या घालतो. कोळसा जाळणे कमी करायचे तर सूर्य आणि वारा हवेत, आणि ते माणसाच्या सोयीने येत-जात नाहीत, म्हणून साठवण हवी. ग्लासगोच्या 2021च्या परिषदेत भारताने 2030पर्यंत 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचा शब्द दिला आहे. तो साठवणीशिवाय पाळता येणार नाही. सरकारचे हे म्हणणे बरोबर आहे.

महाराष्ट्राने डिसेंबर 2023मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी वेगळे धोरण मंजूर केले. त्याआधीच, ऑगस्ट 2023मध्ये, टाटा पॉवरशी शिरवता (1,800 मेगावॅट) आणि भिवपुरी (1,000 मेगावॅट) या दोन प्रकल्पांचा सुमारे 13 हजार कोटींचा सामंजस्य करार झाला होता. मग रांगच लागली. पाटण तालुक्यात तारळी आणि कोयना-निवकणे, भुदरगडात पाटगाव, इगतपुरी-शहापूरच्या हद्दीवर भावली. सह्याद्रीचा नकाशा घेऊन बसलो तर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत घाटमाथ्यावर ठिकठिकाणी खुणा कराव्या लागतात. साहजिक आहे. पाणी चढवायला-उतरवायला उंची हवी, आणि दोन-अडीच किलोमीटरच्या अंतरात चारपाचशे मीटरची उंची महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळणार? याच उंचीवर शंभर वर्षांपूर्वी खोपोली, भिवपुरी, भिरा ही वीजघरे उभी राहिली.

पण प्रकल्प एकेकटा तपासला जातो. एका तलावाचे क्षेत्र पाहिले तर ते खरोखर लहान दिसते, कोयनेच्या शिवसागरापुढे डबकेच. अधिकारी हेच सांगतात: एवढासा तलाव, पाणी एकदाच भरायचे, मग फक्त बाष्पीभवनापुरती भर. एकाच डोंगररांगेवर असे दहा-वीस झाले तर काय होईल, बोगद्यांचा मुरूम-दगड कुठे टाकणार, यंत्रे चढवायला किती नवे रस्ते डोंगर कापून नेणार, वीज वाहून न्यायच्या मनोऱ्यांसाठी किती जंगल तुटणार, हे सगळे एकत्र मांडलेला कागद मामांच्या खिशात नव्हता. ज्या पाटण तालुक्यात जुलै 2021च्या एका रात्रीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला, तिथे डोंगरात सुरुंग लावण्याआधी हा प्रश्न विचारणे म्हणजे विकासाला विरोध असेल, तर असो.

आता सड्याविषयी. सडा म्हणजे घाटमाथ्यावरचे जांभ्याचे सपाट पठार. उन्हाळ्यात वर गेलात तर काळा-तांबडा खडक आणि वाळके गवत. कास पाहिलेल्यांना पावसाळ्यानंतर त्याच खडकावर काय उगवते ते माहीत आहे. पण फुले ही वरची गोष्ट. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि पठाराच्या कडेला, खाली जिथे पक्का खडक लागतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. डोंगरउतारावरच्या वाड्या त्या झऱ्यांवर जगतात. वरचा तलाव बहुतेक अशाच पठारावर आखला जातो, कारण जागा सपाट असते आणि कागदावर रिकामी असते. तलावातले पाणी मुरून जाऊ नये म्हणून त्याचा तळ-काठ अस्तर लावून बंद करतात. कंपनीच्या दृष्टीने बरोबरच आहे, महागाची वीज खर्चून चढवलेले पाणी जमिनीत का जाऊ द्यायचे? पण जमिनीत जाणारे पाणी अडले की खालच्या झऱ्याचे काय होते, हे कळायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. मी त्या सारांशात 'झरा' हा शब्द शोधला. सापडला नाही. 'भूजल पुनर्भरण' सापडले, एका तक्त्यात, त्यापुढे लिहिले होते: 'परिणाम नगण्य'.

त्या सारांशाच्या भाषेवर मी जरा जास्तच थांबणार आहे, कारण माझा धंदा तो आहे.

ऊर्ध्व जलाशय. निम्न जलाशय. शमन उपाययोजना. उत्खनित सामग्रीचे निक्षेपण. सामाजिक-आर्थिक आधाररेखा. हे मराठीत लिहिले आहे असे म्हणतात, कारण लिपी देवनागरी आहे. यातला एकही शब्द मामा आयुष्यात बोललेले नाहीत. उलट जमिनीच्या, हक्काच्या, भांडणाच्या बाबतीत त्यांच्याकडे शब्दांची काही कमी नाही: जमीन, मालक, हक्क, हिस्सा, हद्द, दाखला, नुकसान, हरकत, तक्रार, जबाब, कबूल, राजी. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द अरबी-फारसीतून आला, कित्येक शतकांपूर्वी मराठीत रुजला आणि आता सड्यावरच्या अडाणी म्हातारीच्याही तोंडी आहे. माझ्या वर्गातल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण उर्दूवाल्यांना मराठी परकी वाटते आणि मराठीवाल्यांना उर्दू. उर्दूत जलविद्युतला 'पनबिजली' म्हणतात. पाणी आणि बिजली, घरातले दोन शब्द, संपले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. ती एका नव्या राज्याची गरज होती आणि त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण आज जो शब्द कळतो तो बाजूला सारून जो कळत नाही तो वापरायचा, आणि तोही नेमका त्या कागदात ज्याने एखाद्याचे घर जाणार आहे, यात मला भाषाप्रेम दिसत नाही.

कायदा काय सांगतो तेही पाहा. पर्यावरण आघात मूल्यांकनाची 2006ची अधिसूचना म्हणते की जनसुनावणीआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी, सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत द्यावा, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी, आणि शेवटी कार्यवृत्त स्थानिक भाषेत लोकांना वाचून दाखवावे. चांगले आहे. पण स्थानिक भाषेत फक्त सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत. आणि सुनावणीला अमुक इतकी माणसे हजर हवीत, अशी अटही नाही. दहा आले तरी सुनावणी झाली. 2020मध्ये केंद्राने या अधिसूचनेचा नवा मसुदा काढला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या, म्हणजे 22 भाषांत भाषांतर करा असे सांगितले. केंद्राने काय केले? भाषांतर करण्याऐवजी त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मराठी आणि उर्दू, माझ्या दोन्ही भाषा त्या 22मध्ये आहेत, म्हणून हे मला जरा जास्त लागले असेल.

पण समजा सगळे सोप्या मराठीत आले. तरी मामांची अडचण संपत नाही, कारण त्या कागदात ते नाहीतच. प्रकल्पबाधितांची यादी सातबाऱ्यावरून तयार होते. सड्याचा बराचसा भाग सरकारी, वनखात्याचा, गायरान नाहीतर पोटखराब्याचा. मामांचा गोठा तीन-चार पिढ्या तिथे आहे, पण उतारा त्यांच्या नावाचा नाही. वनहक्क कायदा 2006चा, त्यात चराईचा हक्कही मान्य आहे. मात्र धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातीत मोडतात, अनुसूचित जमातीत नाही. म्हणून त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो, आणि त्यासाठी 13 डिसेंबर 2005च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. जनावरांमागे फिरणारा माणूस 1930चा कागद कुठून आणणार?

कागदावर कोण आहे, यावर आपल्याकडे एक अख्खी लढाई फसलेली आहे. 1921मध्ये मुळशीला टाटांच्या वीजधरणाविरुद्ध मावळे शेतकरी उठले, सेनापती बापट पुढे होते, 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक. आपण शाळेत बापटांचे शौर्य शिकवतो, पण तिथल्या कित्येक जमिनी कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या होत्या आणि भरपाईचा प्रश्न आला तेव्हा सावकार आणि कसणारा यांचे हित वेगळे झाले, हे शिकवत नाही. ज्याचे नाव कागदावर, त्याला पैसा. जो नांगर धरत होता त्याला डोंगर. बापट 1924मध्ये रेल्वे अडवून तुरुंगात गेले आणि धरण पूर्ण झाले.

कोयना तर आमच्या उशाशी. धरण 1964च्या सुमारास पूर्ण झाले. 105 टीएमसीचा जलाशय, आज 1,960 मेगावॅट क्षमता. महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते खोटे नाही. 11 डिसेंबर 1967च्या पहाटेच्या भूकंपाची गोष्ट अब्बा सांगायचे: फळीवरची तांब्याची भांडी एकामागून एक खाली आली आणि दादी कलमा पढत सगळ्यांना अंगणात ढकलत होती. पण कोयनेचा मोठा हादरा दुसराच. धरण झाले तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो पहिल्यांदा 1976मध्ये आला. माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. 2018मध्ये कोयनानगरला हजारो धरणग्रस्त श्रमिक मुक्ती दलाच्या पुढाकाराने दिवसेंदिवस ठिय्या देऊन बसले होते, तेव्हाही मागणी जमिनीचीच होती. धरण बांधताना तरुण होते त्यांची नातवंडे त्या मांडवात बसली होती. ज्यांनी एका धरणाचा हिशेब साठ वर्षांत पुरा केला नाही, त्यांनी पुढची वही उघडताना लोकांनी टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षा जरा जास्त आहे.

एक गोष्ट दीनची सांगतो, उपदेश म्हणून नाही, या विषयात ती फार चपखल बसते म्हणून. पैगंबरांच्या (स.) एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा की पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सगळी माणसे भागीदार आहेत. वाळवंटात सांगितलेली गोष्ट आहे, तरी सड्याची यादी केल्यासारखी वाटते. पाणी म्हणजे झरा, चारा म्हणजे कुरण, आणि आग म्हणजे आजच्या भाषेत वीजच की. प्रकल्प पहिल्या दोन गोष्टी घेतो आणि तिसरी खाली शहरात नेतो. पुढे फुकहांनी, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांनी, यावर बराच कीस पाडला. नदीचे, पावसाचे पाणी सगळ्यांचे. पण कोणी ते पोहऱ्यात, मशकीत भरून घेतले तर ते भरणाऱ्याचे, कारण त्यात त्याची मेहनत आहे. हे वाचून मी कोशातल्या त्या अर्थाकडे परत गेलो. उदंचन म्हणजे पोहरा. कंपनी म्हणू शकते, पाणी आम्ही आमच्या पोहऱ्यात भरले, ते आमचे. रास्त आहे. पण त्या पंडितांनी पोहरा डोळ्यांपुढे ठेवला होता तो एका माणसाला उचलता येईल एवढा. अख्खे पठार आतून लिंपून त्याचाच पोहरा केला तर? विहिरीवर आलेल्या बाकीच्यांनी भांडे कुठे बुडवायचे?

मामांच्या कागदावर हरकत लिहायला मी बसलो आहे. 'हरकत'च लिहिणार आहे, 'आक्षेप' नाही. त्यात मागितले आहे ते एवढेच. पूर्ण अहवाल मराठीत द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो वाड्यावर मोठ्याने वाचा. सुनावणी सड्यावर घ्या. तालुक्याच्या मंगल कार्यालयात नको, तिथे यायला म्हातारीला दीड दिवस लागतो. सातबाऱ्यावर नसलेली घरे, गोठे आणि पाणवठे गावकऱ्यांना बरोबर घेऊन मोजा. झऱ्यांचे पाणी कामाआधी किमान दोन उन्हाळे मोजा, म्हणजे नंतर 'आटले ते आमच्यामुळे नाही' असे म्हणता येणार नाही. आणि एका डोंगररांगेवरच्या सगळ्या प्रकल्पांचा परिणाम एकत्र मांडा. आधीच असलेल्या दोन धरणांची जोडी जमते तिथे, किंवा बंद पडलेल्या खाणींत, अशी साठवण आधी करून बघा. टाटांनी भिऱ्याला 150 मेगावॅटचा असा संच जुन्याच वीजघराच्या जोडीला वर्षानुवर्षे चालवला आहे. सगळे सडे एकदम लागतील असे मला तरी वाटत नाही.

माझ्या स्टाफरूममधला एक सहकारी म्हणाला, "सर, तुमचं काय जातंय यात? तुमची ना जमीन तिथं, ना माणसं." खरे आहे. माझा तिथे एक गुंठाही नाही. बकरा तेवढा तिथून येतो.

सौदा या वर्षी मामांनी फारसा ताणला नाही, आणि त्याचेच मला वाईट वाटले. दोर माझ्या हातात देऊन उठता उठता म्हणाले, "त्या नकाशात आमचा पाणवठा कुठं दावलाय तेवढं बघून ठेवा." नकाशा मी दोनदा भिंगातून पाहिला. ऊर्ध्व जलाशयाचा फिकट निळा लंबगोल आहे, भोवती पिवळा रंग आहे, आणि सूचीत पिवळ्यापुढे लिहिले आहे 'पडीक'. पाणवठा नाही. शाळा सुरू व्हायला अजून आठवडा आहे. ईद झाली की मुलाला घेऊन वर जाणार आहे, नकाशाची मोठी झेरॉक्स आणि दोन पेन्सिली बरोबर घेऊन. मामा म्हणालेत, ते एकेक जागा दाखवतील.